‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा पहिला प्रश्न नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोजच्या जाण्यायेण्यासाठी स्वस्तातली सेकंड हँड गाडी कशी घ्यावी यावर एक पूर्ण पान आलं होतं. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार, कारण नवीन गाडी झेपत नाही आणि बसची वेळ जुळत नाही अशा मधल्या माणसांसाठी कुणी फारसं लिहीत नाही. पण त्या पानावर जो मोठा तक्ता दिलाय त्यात गाड्या अ‍ॅव्हरेजप्रमाणे लावल्यात, सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेजवाली एक नंबरला आणि मग खाली खाली, आणि वर सल्ला असा की बजेटमध्ये बसणारी सगळ्यात वरची गाडी उचला. ते वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

सहा वर्षांपूर्वी मी अशाच एका यादीत वर असलेली गाडी घेतली होती. डिझेल गाडी, लोक म्हणायचे २२ चं अ‍ॅव्हरेज देते, दिसायला चकाचक. तेव्हा माझं ऑफिस घरापासून फक्त ७ किलोमीटरवर होतं. पहिले तीन महिने मी एकदम खुश, टाकी फुल केली की विसरून जायचं. चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मी दुर्लक्ष केलं, मग एक दिवस चढावर गाडीचा पिकअपच गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय आणि गाडी ओढतच नाही. गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्रींनी आधी ऑइलची पट्टी बाहेर काढली, कपड्याने पुसली, परत आत घालून काढली आणि माझ्या नाकाजवळ धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं आणि त्याला चक्क डिझेलचा वास. मला वाटलं ऑइल वाढलं म्हणजे चांगलंच की. ते म्हणाले, ताई, ऑइल कधी आपोआप वाढत नाही, यात डिझेल उतरलंय.

त्यांनी मग समजावलं ते मी आजपर्यंत विसरले नाहीये. आताच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून तो तापवते, साधारण ६०० अंशांपर्यंत, आणि आतली काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. माझी गाडी सकाळी ७ किलोमीटर आणि संध्याकाळी ७ किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत थांबत. फिल्टर तापायला लागतो न लागतो तोच मी चावी बंद करून ऑफिसात. काजळी तशीच आत, आणि न जळलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. गाडीत काही खराबी नव्हती, गाडी उत्तम होती, पण ती रोज लांब पल्ला मारणाऱ्या माणसाची गाडी होती. माझ्या रस्त्याची नव्हती.

आता हिशोब बघा. दिवसाला १४ किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर वर्षाचे ३,५०० किलोमीटर. २२ च्या अ‍ॅव्हरेजने १५९ लिटर लागतात. त्याऐवजी १५ देणारी साधी पेट्रोल गाडी घेतली असती तर २३३ लिटर. म्हणजे वर्षाला फरक ७४ लिटरचा. फिल्टर काढून साफ करणं, ऑइल बदलणं आणि एक सेन्सर, असं जे बिल आलं त्याला मी इंधनाच्या भावाने भागलं तर जवळपास ४०० लिटर भरले. पाच वर्षांहून जास्त काळाची बचत एका बिलात गेली. तेव्हापासून मला सवयच लागलीय, गाडीचा कुठलाही खर्च असो, मी त्याला लिटरच्या भावाने भागते आणि लिटरमध्येच विचार करते. तुम्ही करून बघा, डोळे उघडतात. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक लिटरमध्ये काढला की कळतं, तो फरक इंधनातून भरून निघायला किती वर्षं जातील, आणि तोपर्यंत ती गाडी आपल्याकडे राहणार तरी आहे का.

तक्त्याबद्दल दुसरी एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती फक्त तुमची नाही, सगळेच करतात. लिटरला किती किलोमीटर हा आकडा माणसाला फसवतो. १० देणारी गाडी सोडून १२ देणारी घेतली तर १०,००० किलोमीटरला १,००० ऐवजी ८३३ लिटर लागतात, म्हणजे १६७ लिटर वाचतात. आणि २० देणारी सोडून २४ देणारी घेतली तर ५०० चे ४१७ होतात, वाचतात फक्त ८३. म्हणजे २ च्या फरकात जेवढं वाचलं त्याच्या निम्मं ४ च्या फरकात वाचलं! आपण मात्र २० आणि २४ मध्ये चार किलोमीटरचा फरक बघून त्या गाडीसाठी जास्त पैसे मोजायला तयार होतो. बऱ्याच देशांत म्हणूनच १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, तिथे ५ आणि ४.२ असं समोर दिसतं आणि कळतं की फरक एका लिटरचाही नाही. वरच्या टोकाला असलेल्या गाड्यांमध्ये एकमेकांत फारसं अंतर नसतंच, तिथे तब्येतीने धड असलेली गाडी निवडावी. पण जी मोठी, जड, १० देणारी जुनी गाडी आहे तिच्यापासून मात्र खरंच लांब राहावं, रोजच्या प्रवासात ती खिसा रिकामा करते.

आणि कंपनीचा आकडा म्हणजे तुमच्या रस्त्याचा आकडा नव्हे. तो लॅबमध्ये रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. युरोपात जुनी चाचणी २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती, २०१७ च्या सप्टेंबरपासून तिथे ३० मिनिटांची आणि २३ किलोमीटरची नवीन चाचणी आली आणि त्याच त्या गाड्यांचे आकडे कागदावर खाली आले. गाडीत काही बदललं नव्हतं, मोजायची पद्धत बदलली होती. म्हणजे तुम्ही तक्त्यात तिथली एक २०१५ ची गाडी आणि एक २०१९ ची गाडी शेजारी शेजारी ठेवली आणि दोघींचे ब्रोशरमधले आकडे लिहिले तर ती तुलनाच होत नाही.

मग करायचं काय, तर गाडीच्या आधी आपला रस्ता मोजायचा. एक आठवडा वहीत लिहा, किती किलोमीटर, किती वेळ, त्यातलं किती थांबून थांबून आणि किती मोकळं. थंड इंजिन पहिले चार-पाच किलोमीटर जास्तच पितं, त्यामुळे ज्याचा प्रवासच तेवढा आहे त्याला कुठल्याच गाडीचा छापील आकडा मिळणार नाही, त्याने छोटी, हलकी, साधी पेट्रोल गाडी घ्यावी आणि अ‍ॅव्हरेजचा विषय डोक्यातून काढावा. ज्याचा बहुतेक वेळ ट्रॅफिकमध्ये जातो त्याने हे लक्षात घ्यावं की उभी गाडीसुद्धा तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते, रोज अर्धा तास उभं राहिलं तर महिन्याला कितीतरी लिटर एकही चाक न फिरता जातात. अशा रस्त्यावर हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीचा खरा उपयोग आहे, कारण ब्रेक मारताना जी शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते ती ती बॅटरीत परत घेते आणि थांबल्यावर इंजिन बंद करते. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड जपानमध्ये १९९७ ला आली, म्हणजे हे तंत्र आता काही नवखं राहिलं नाही, जुन्या बाजारात हायब्रिड मिळतात, फक्त बॅटरीची तपासणी करून घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि मोकळ्या रस्त्यावरून सलग जाणाऱ्याला हायब्रिडचा फायदा बराच कमी होतो, तिथे चांगली पेट्रोल किंवा माझ्यासारखीने घ्यायला नको होती ती डिझेल शोभते. त्या माणसासाठी वेग महत्त्वाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, म्हणून रोज मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याने उंच, चौकोनी, टपावर कॅरियर लावलेली गाडी घेताना दहादा विचार करावा.

इलेक्ट्रिकबद्दल तुमच्या पानावर दोनच ओळी होत्या, मी पण जास्त लिहीत नाही. रोजचं अंतर ठरलेलं असेल आणि रात्री घरी चार्जिंगची सोय असेल तर जुनी इलेक्ट्रिक खूप विचार करण्यासारखी आहे, पण नवी असताना किती जात होती ते विचारू नका, आज फुल चार्जवर किती जाते ते स्वतः चालवून बघा.

यानंतर माझी बदली झाली, ऑफिस २० किलोमीटरवर गेलं, ती डिझेल मी सगळं सांगून, बिलं दाखवून एका लांबचा प्रवास असणाऱ्या माणसाला विकली आणि परत शोध सुरू केला. या वेळी दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. पहिली २२ चं अ‍ॅव्हरेज सांगणारी, मीटरवर ६०,००० किलोमीटर, शहरात चाललेली. दुसरी १७ ची, मीटरवर दीड लाख. घरातले सगळे म्हणाले दीड लाख? वेडी आहेस का?

मी पण आधी तेच म्हटलं असतं. पण त्या दुसऱ्या गाडीच्या मालकांनी, एक निवृत्त गृहस्थ होते, डॅशबोर्डच्या खणातून एक छोटी वही काढून माझ्या हातात दिली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी टाकी फुल केली की तारीख, मीटरचं रीडिंग, किती लिटर, आणि शेवटी भागाकार करून अ‍ॅव्हरेज. पानंच्या पानं निळ्या शाईत १६.८, १७.१, १६.५, १७. मध्ये एका जागी सलग तीन ओळी १३.९, १३.४, १३.२ आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘मागचा ब्रेक अडकत होता, खोलून साफ केला’, आणि खालच्या ओळीपासून परत १६.९. मी ते पान बराच वेळ बघत बसले. या माणसाने गाडी नुसती चालवली नव्हती, तिचं दुखणं आकड्यांतून ओळखून वेळेवर दुरुस्त केलं होतं. सर्व्हिसची बिलं पण वहीच्या मागे पिन मारून लावलेली, आणि बिलांवरची रीडिंग वहीशी तंतोतंत जुळत होती, मी सात-आठ ठिकाणी पडताळून बघितली.

दीड लाखाबद्दल ते काका म्हणाले, किलोमीटर नका बघू, तास बघा. ते रोज मोकळ्या रस्त्याने लांब जायचे, सरासरी ताशी ६० धरा, दीड लाख किलोमीटर म्हणजे इंजिन २,५०० तास चाललं. शहरातली ६०,००० वाली गाडी सरासरी ताशी २० ने चालली असेल तर तिचं इंजिन ३,००० तास चाललंय, वर क्लच दाबून दाबून झिजलेला, ब्रेक झिजलेले, रोज थंड इंजिन चालू-बंद. मीटर बघितलं तर पहिली गाडी तरुण, प्रत्यक्षात तीच जास्त थकलेली. आणि मीटरवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नये, तो मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची पकडायची जागा, ड्रायव्हरच्या सीटची कड, गिअरची मूठ, या चार गोष्टी मागे फिरवता येत नाहीत. ४०,००० दाखवणाऱ्या गाडीचं पेडल घासून गुळगुळीत झालं असेल तर पुढे बोलणंच बंद करा.

अगदी कमी चाललेली गाडी पण आपोआप चांगली नसते, हे इथेच सांगते. वर्षानुवर्षं उभी असलेल्या गाडीची बॅटरी जाते, रबरी सील आणि पाइप कडक होतात, ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं. टायर वरून नवे दिसतात आणि आतून म्हातारे असतात. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. पाचही टायरचे आकडे वाचा, स्टेपनीचा पण. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यात गाडीची अर्धी कुंडली कळते, म्हणजे मीटर २०,००० दाखवतोय आणि चारही टायर एकदा बदललेत असं दिसलं तर काहीतरी गडबड आहे.

आता त्या ६०,००० वाल्या गाडीचं काय झालं ते. मी फोनवरच सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेले आणि आधी बोनेटवर हात ठेवला, गरम होतं. विचारलं तर म्हणाले आत्ताच बाजूला लावली. मी घाई केली नाही, दुसऱ्या दिवशी न सांगता लवकर गेले. थंड गाडीला स्टार्टर मारला आणि मागून निळसर धूर आला, काही सेकंदांत गेला. आदल्या दिवशी गरम इंजिनात तो दिसलाच नसता. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा असेल तर इंधन जास्त जातंय, आणि पांढरा असेल तर थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येतेच, पण इंजिन तापल्यावरही पांढराच येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय, तिथून सरळ निघून या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, पांढुरका फेसाळ थर असेल तर तो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, गेल्याचा पण असू शकतो आणि नुसत्या कमी अंतराच्या चालवण्याने साचलेल्या ओलीचा पण, म्हणून तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, कूलंटची पातळी आणि रंग बघा, मिस्त्रींना विचारा. क्लचसाठी मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघते. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच रेंगाळली की क्लचप्लेट संपलेली. त्या गाडीची संपलेलीच होती. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पडताना झटका बसतो का आणि गिअर ऑइलला जळका वास येतो का ते बघायचं.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी हे वेगळंच प्रकरण आहे आणि ती स्वस्तात मिळते म्हणूनच माणसं अडकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, जो भाग कधी बाहेर येत नाही त्यावर मातीची रेघ दिसते का बघा, धुणारे बाकी सगळं धुतात पण तो भाग विसरतात. मॅट उचलून खाली हात घाला, सीटच्या पट्ट्यांना गंज, हेडलाइटमध्ये आतून बाष्प. आणि धडकलेली गाडी ओळखायची तर उन्हात बघा, संध्याकाळी किंवा धुतल्या धुतल्या नाही, दोन पत्र्यांच्या मधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बोनेटच्या बिजागरीच्या नटांवरचा रंग उडालाय का. एवढं सगळं करूनही शेवटी स्वतःच्या ओळखीच्या मिस्त्रींना पैसे देऊन गाडी दाखवा, लिफ्टवर चढवून, खालून. विकणाऱ्याच्या मिस्त्रींना नाही. त्याची फी लिटरमध्ये मोजा, एका टाकीच्या आसपास जाते फार तर.

इथे मला एक गोष्ट आठवते जी अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मामेबहिणीने सांगितली होती. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक शोधनिबंध लिहिला आणि २००१ चं नोबेल त्यांना आणखी दोघा अर्थतज्ज्ञांबरोबर मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. म्हणणं साधं आहे, विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला काहीच नाही, म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, मग चांगली गाडी असलेला माणूस म्हणतो एवढ्यात कशाला विकू, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्या जास्त उरतात. बहिणीने सांगितलं तेव्हा मला ती वही डोळ्यासमोर आली. त्या काकांनी मला त्यांना माहीत असलेलं सगळं दाखवून टाकलं होतं, त्यामुळे मी पण भावात घासाघीस केली नाही. ज्याच्याकडे बिलं आहेत त्याला चार पैसे जास्त द्यायला काही हरकत नाही. ‘बिलं हरवली पण सर्व्हिस वेळेवर केलीय’ असं जो म्हणतो त्याच्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा, बदललेला नाही असंच धरून चाला. ज्या इंजिनला चेन नसून बेल्ट असतो तिथे तो ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायचाच असतो, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिनच खोलायचं. त्या एका बिलात किती वर्षांचं पेट्रोल येतं ते प्रत्येकाने आपल्या भावाने भागून बघावं.

मी दीड लाखवाली घेतली. वर्षाला १०,००० किलोमीटर होतात, १७ ने ५८८ लिटर, २२ ने ४५५ झाले असते, म्हणजे वर्षाला १३३ लिटर जास्त जातात हे मी मान्य करते, लपवत नाही. पण त्या ६०,००० वाल्या गाडीचा क्लच, चार टायर आणि ऑइल पिणारं इंजिन यांच्यासमोर १३३ लिटर म्हणजे काहीच नाही. चौथं वर्ष चालू आहे. वहीतल्या निळ्या शाईनंतर आता माझ्या काळ्या शाईच्या ओळी आहेत. मागच्या वर्षी १५ च्या खाली आली तेव्हा मी लगेच गॅरेजला गेले, चाकांतली हवा कमी होती आणि अलाइनमेंट गेलेलं, तासाभराचं काम. वही नसती तर सहा महिने कळलं नसतं.

बाकी काही छोट्या गोष्टी ज्या पानावर नव्हत्या. ज्या मॉडेलच्या भरपूर गाड्या रस्त्यावर दिसतात ते घ्या, पार्ट कुठेही मिळतो आणि कुठलाही मिस्त्री उघडू शकतो, दुर्मिळ आणि रुबाबदार गाडी स्वस्तात मिळतेय तर ती का स्वस्त आहे ते आधी शोधा. टायरचा साइज नेहमीचा आहे का बघा. सगळं बजेट गाडीच्या किमतीतच संपवू नका, पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, फिल्टर, गरज असेल तर बॅटरी आणि बेल्ट एवढं करायला बाजूला काढूनच ठेवा. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं अजून बरेच जण मानतात, ते कार्ब्युरेटरच्या काळातलं, आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन तोडतात आणि न्यूट्रलमध्ये उलट चालू ठेवायला पितात, शिवाय ताबा जातो तो वेगळाच. आणि कृपा करून, दोन किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेऊ नका. रोज जायचंय त्या गाडीतून, वर्षाचे २५० दिवस, घरी परत यायचंय.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा लिटरला किलोमीटरच्या शेजारी १०० किलोमीटरला किती लिटर हा रकाना द्या, आणि गाड्या अ‍ॅव्हरेजने न लावता प्रवासाने लावा, कमी अंतर, ट्रॅफिक आणि मोकळा रस्ता असे तीन गट करा. डिझेलच्या ओळीत डीपीएफ आहे की नाही आणि पेट्रोलच्या ओळीत टायमिंगला बेल्ट आहे की चेन एवढं जरी लिहिलंत तरी पुरे. ते छापून येईपर्यंत ज्यांना या महिन्यात गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी हे पत्र छापा, जागा नसेल तर माझी सगळी गोष्ट कापा पण टायरचे चार आकडे, थंड बोनेट आणि सीटबेल्ट हे तीन राहू द्या.

आपली,
रोज ४० किलोमीटर गाडी चालवणारी एक वाचक